पाटकर

पाटकरांकडून आली म्हणून तिचं नाव पाटकर.
आधी काही वेगळं असेल,
कुंदाताईंनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
कन्नमवार नगरात आमची दारं समोरासमोर,
मधे चपलांचा स्टँड आणि दोघींत मिळून एक तुळस.
ते बदलापूरला गेले तेव्हा एका टेम्पोत सगळं मावलं.
हिच्यासाठी चेनची पिशवी आणली होती, भोकं पाडून.
ही माझ्या शिलाई मशीनच्या पायट्यावर
गाढ.
आता उठवायची कशी, म्हणाल्या कुंदाताई,
आणि पिशवी तेवढी दुमडून नेली.

तेव्हापासून पायटा तिचा.
मी मशीनला मोटर बसवून घेतली, साडेअठराशे गेले.
गिऱ्हाइकांना सांगते, गुडघे धरतात हल्ली.

दुपारी फ्रिजवर.
आईनं विणलेल्या रुमालाला मधोमध
तिच्या मापाचा खड्डा पडलाय.
फ्रिज हुंकारून थरथरला
की कान उठतात. फक्त कान.

जुना टीव्ही होता तेव्हा त्याच्यावर ऐसपैस असायची,
शेपूट खाली सोडून,
नेमकी बातम्या देणाऱ्याच्या नाकावर.
मग बोनसमधून नवा आला, चपटा, भिंतीला चिकटलेला.
ती खाली बसली. बराच वेळ वर पाहिलं.
मग ह्यांच्याकडे पाहिलं.
माझ्याकडे असं
माझ्या सासूनंही कधी पाहिलं नव्हतं.

दिवाणावर बेतून ठेवलेलं कापड असेल तर दिवाण,
नसेल तर दिवाणाकडे ढुंकूनही नाही.
गवाणकरांच्या सुनेचा काळा मखमली ब्लाऊज
सोमवारी द्यायचा होता.
रविवारी रात्रभर मी चिकटपट्टीनं केस उचलत बसले
आणि ही शेजारी, अस्तरावर,
माझं चाललंय काय ते एका डोळ्यानं बघत.

गादीची खुर्ची आमच्याकडे एकच.
हे सेकंड शिफ्टहून साडेअकराला येतात.
खुर्चीत ती असली तर ताट घेऊन खाली बसतात, भिंतीला टेकून.
बोलत काही नाहीत.
सख्खा मेहुणा आला तरी ती खुर्ची न सोडणारा माणूस.

एक टीपॉय ठेवून गेल्या होत्या कुंदाताई.
सनमायकाचा, एका कडेची पट्टी उचकटलेली.
ह्याच्यावर झोपायची गं ती, राहू दे,
तिला आमची आठवण येईल.
मी तो पुसला, खिडकीशी ठेवला
जिथं सकाळी पावणेदहापर्यंत ऊन असतं,
वर जुन्या लुगड्याची चौघडी घातली.
एक दिवस नाही.
खालून जाते, बाजूनं जाते,
एकदा त्याच्या पायाला अंग घासलं तेव्हा मी श्वास धरून उभी,
पण तिला फक्त खाज सुटली होती.

रविवारी संध्याकाळी कुंदाताईंचा फोन असतो.
तिकडे लिफ्ट आहे, बाल्कनी आहे,
दारं मात्र सगळ्यांची बंद.
साखर मागायची तर बेल वाजवावी लागते, म्हणाल्या,
आणि बेल वाजवायची म्हणजे मग साडी बदलावी लागते.
मग, शेवटी, दर वेळेसारखं:
झोपते का गं अजून टीपॉयवर?

मी वर पाहिलं.
पाटकर कपाटावर, बॅगांच्या मागे.
एक पाय तेवढा लोंबत होता, मोजा वाळत घातल्यासारखा.
हो, म्हटलं. ही काय, आत्ताच आडवी झालीय.
पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही.
मग कुंदाताई, एकदम हळू:
अगं मग हळू बोल ना, उठेल ती.

आणि बदलापूरहून त्या कुजबुजत राहिल्या,
पाण्याची वेळ, जावयाची नोकरी,
कैरी इथं किती महाग.
मीही इकडून कुजबुजत,
हं, हं,
दोन्ही पाय टीपॉयवर पसरून.